कॅनडा, व्हाया फ्रेंच

बाबा कदंबमध्ये, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेत, कंडक्टर होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी कुठल्याही प्रवासाचा विचार ते गाडीच्या पाटीसारखाच करतात: कुठून, कुठे, व्हाया काय. जून २०२३ मध्ये मी घरात सांगितलं की फ्रेंचचा क्लास लावतोय, तेव्हा ते चहा ओतत होते.

"फ्रेंच शिकतंस म्हणजे फ्रान्साक जातलंस?"

"नाय. कॅनडाक."

"मगे कॅनडाची भाषा शीक मा!"

इंग्रजी झालीय, आयेल्ट्समध्ये चांगले गुण आहेत, पण थेट गाडीला गर्दी फार, म्हणून व्हाया फ्रेंच जायचंय, असं मी सांगितलं. एवढं त्यांना लगेच पटलं. आईला मात्र ते शेवटपर्यंत पटलं नाही, पण तो वेगळा विषय आहे.

गोव्यात राहून परदेशी जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "पोर्तुगीज करतोस काय?" १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्या माणसाला, त्याच्या मुलांना आणि नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. वेर्ण्याच्या औषध कंपनीत मी क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. आमच्याच लॅबमधला एक मित्र आजोबांच्या दाखल्यावर आयर्लंडला गेला. माझे आजोबा मात्र बांद्याचे, म्हणजे पत्रादेवीच्या नाक्याच्या जरा पलीकडचे. ते काही मैल अलीकडे जन्मले असते तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. बाबा नोकरीसाठी म्हापशाला आले, खोर्लीत घर केलं आणि घरात मालवणी राहिली. या मालवणीचा पुढे किती उपयोग होणार आहे, याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

आता हिशेब. कॅनडात कायमचं स्थायिक व्हायचं तर एक्स्प्रेस एंट्री नावाच्या पद्धतीतून जावं लागतं. तिच्यात प्रत्येकाला १२०० पैकी गुण मिळतात, त्याला सीआरएस म्हणतात. मी अविवाहित, वय तेव्हा ३२. वयाचे ९४, बी.फार्मचे १२०, इंग्रजीचे १२४ (ऐकण्यात ८ आणि बाकी तिन्हींत ७ बँड आले की हे मिळतात), शिक्षण आणि अनुभव इंग्रजीशी जोडून ७५. एकूण ४१३. कॅनडा अधूनमधून फेऱ्या काढतो आणि कट-ऑफच्या वर गुण असलेल्यांना अर्जाचं बोलावणं धाडतो. सर्वसाधारण फेऱ्यांचा कट-ऑफ त्या वर्षी ४८० च्या खाली उतरलेला नव्हता. २०२४ मध्ये तर तो ५२० च्याही वर राहिला. शिवाय तिशीनंतर वयाचे गुण दरवर्षी पाच-सहाने उतरतात. माझा वाढदिवस सप्टेंबरात. केक आम्ही कापायचो, गुण कॅनडा कापायचा. फ्रेंच पूर्ण होईपर्यंत दोन वाढदिवस गेले आणि ४१३ चे ४०२ झाले.

मे २०२३ च्या अखेरीस कॅनडाने जाहीर केलं की काही फेऱ्या ठरावीक गटांसाठी वेगळ्या काढणार, आणि त्यातला एक गट फ्रेंच येणाऱ्यांचा. जुलैत पहिली फ्रेंच फेरी निघालीसुद्धा. अट अशी की ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही गोष्टींत एनसीएलसी ७, म्हणजे फ्रेंच मोजायच्या कॅनडाच्या पट्टीवर सात, साधारण बी२ पातळी (ए१ ते सी२ अशा सहा पातळ्यांतली चौथी). ती गाठली की गटात प्रवेश मिळतो आणि माझ्यासारख्याला वर ६२ गुणही: दुसऱ्या भाषेचे १२ आणि दोन्ही भाषा येतात म्हणून ५०. एका जरी बाबतीत ६ आला, तर ते ५० नाहीत आणि गटही नाही.

बऱ्याच जणांना वाटतं की फ्रेंच म्हणजे माँट्रियल. गंमत अशी की क्वेबेकची निवडपद्धत स्वतंत्र आहे. एक्स्प्रेस एंट्रीतून जाणाऱ्याला क्वेबेकबाहेरच राहायचं असतं. क्वेबेकबाहेर फ्रेंच बोलणाऱ्यांचं प्रमाण घटत चाललंय आणि सरकारला ते सावरायचंय, म्हणून ही खास फेरी. २०२५ साठी क्वेबेकबाहेरच्या नव्या स्थायिकांपैकी ८.५ टक्के फ्रेंच बोलणारे असावेत, असं लक्ष्य ठेवलेलं होतं. न्यू ब्रन्सविक प्रांताच्या तर इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही अधिकृत भाषा आहेत. मंक्टन नावाचं गाव मी तेव्हाच नकाशात शोधून ठेवलं.

पहिला क्लास ऑनलाइन होता, बाहेरगावचा. जाहिरातीत "सहा महिन्यांत बी२" असं होतं. नाव घेत नाही, कारण अशा जाहिराती करणारे बरेच आहेत आणि सगळे एकाच पिठाच्या गिरणीतले. स्क्रीनवर पंचवीस चेहरे, निम्म्यांचे कॅमेरे बंद, सगळं इंग्रजीतून. सहा महिन्यांनी मी ए२ च्या दारात उभा होतो आणि उरलेले पैसे परत मिळणार नव्हते. रोज दीड तास देऊन, नोकरी सांभाळून, बी२ ला मला वीस महिने लागले. माझ्यापेक्षा हुशार माणसाला पंधरा लागतील.

मग रायबंदरला एक निवृत्त टीचर सापडल्या. आयुष्यभर हायस्कूलच्या पोरांना फ्रेंच शिकवलेल्या. (गोव्यात आठवीपासून फ्रेंच घ्यायची सोय कित्येक शाळांत आहे. मी संस्कृत घेतलं होतं, गुण पडतात म्हणून. तेव्हाही गुणच!) शनिवारी दुपारी आम्ही तिघं जायचो: मी, डिचोलीची एक नर्स आणि कळंगुटच्या हॉटेलात रिसेप्शनवर असलेला एक मुलगा. टीचर पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुम्ही फ्रेंच वाक्य आधी इंग्रजीत करता आणि मग अडकता. इंग्रजी मधून काढा. घरी काय बोलता?"

तिथून खरं शिकणं सुरू झालं.

उदाहरणार्थ, इंग्रजीतून शिकवणारे सबजोंक्तिफ या प्रकाराचा मोठा बागुलबुवा करतात. "ज व किल विएन." त्याने यावं असं मला वाटतं. बस, 'यावं'! आपण दिवसातून पन्नास वेळा वापरतो तो विध्यर्थ. इंग्रजीत तो झिजून गेलाय म्हणून त्यांना अवघड जातो. किंवा कर्माप्रमाणे बदलणारं क्रियापद. मी पत्र लिहिलं, पण मी चिठ्ठी लिहिली. फ्रेंचमध्ये कर्म आधी आलं की तसंच होतं: "ला लेत्र क जे एक्रीत", मी लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठी स्त्रीलिंगी म्हणून शेवटचा 'त' ऐकू येतो. ऑनलाइन क्लासमध्ये यावर दोन तास गेले होते आणि कुणाला काही कळलं नव्हतं. रायबंदरला पाच मिनिटांत झालं.

त्यू आणि वू म्हणजे तू आणि तुम्ही, त्यात शिकण्यासारखं काही नव्हतंच. लिंगाचा मात्र घोळ व्हायचा. आपल्याकडे तीन, त्यांच्याकडे दोन. आपला तो चंद्र त्यांच्याकडे ती, आपला तो समुद्र त्यांच्याकडे ती, आणि आपलं ते टेबलसुद्धा ती. हे पाठच करावं लागतं, त्याला इलाज नाही.

सगळ्यात मजा आली ती नाकातल्या स्वरांची. वँ म्हणजे वाइन, वाँ म्हणजे वारा, वों म्हणजे जातात. हॉटेलवाला मुलगा प्रत्येकामागे 'न' लावायचा. टीचरनी मला विचारलं, "मालवणीत 'कुठे' कसं म्हणतात?" मी म्हटलं, खंय. "आणि तिथे?" थंय. "आता त्यातला 'न' दाखव बघू." नव्हताच. फक्त नाक होतं. त्या दिवशी घरी येऊन मी आईला फ्रेंच स्वर म्हणायला लावले. तिला एका झटक्यात जमले आणि ती म्हणाली, "ह्यां शिकाक तू पैसे भरतंस?"

आकड्यांनी मात्र रडवलं. नव्वद म्हणजे कात्र-वँ-दीस, चार विसा आणि दहा. आजी नारळ असेच विसांत मोजायची, म्हणून तत्त्व कळायला वेळ लागला नाही. पण कानावर पडल्याबरोबर आकडा डोळ्यांपुढे यायला हवा, तो यायचा नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकदा म्हयड्याची केळी घेत होतो. शेजारी एक फ्रेंच बाई होती, नवऱ्याशी बोलत होती म्हणून ओळखलं. केळीवाली तिला सांगत होती, "डझनाक एकशें नव्वद." बाईला कळेना. मला वाटलं, हीच वेळ. पुढे होऊन म्हटलं, "मादाम, सां... कात्र-वँ..." आणि पुढचा दीस सापडेना. दोन विसा होते की चार, तेही डोक्यातून गेलं. बाईने शांतपणे पाहिलं आणि स्वच्छ इंग्रजीत विचारलं, "वन नाइन्टी?" मी मान हलवली. केळीवाली मला म्हणाली, "सांग तिका, धा रुपया कमी करतां." आता एकशे ऐंशी सांगायचे होते, म्हणजे नुसते कात्र-वँ, दीसची भानगडच नाही. ते मला जमलं. केळी विकली गेली.

'र'चं काम शेजारच्या तियाने केलं. चौऱ्याऐंशी वर्षांची कॅथलिक आजी, पोर्तुगीज काळात पणजीच्या लायसियममध्ये शिकलेली, तिथे तिला फ्रेंच होतं. सत्तर वर्षांपूर्वीचं, तरी शिल्लक. संध्याकाळी मी तिच्या बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून मोठ्याने वाचायचो आणि ती डोळे मिटून ऐकायची. "र गळ्यांतल्यान काड, पुता. गुळण्यो करतात तशें." मी काढायचो. "इतलें न्हय. तुका खोंकली जाल्या कशें दिसता." साबणाला सावों आणि चमच्याला क्वियेर म्हणतात हे सांगितल्यावर ती हसली. साबण पोर्तुगीज, आमची कुलेर पोर्तुगीज, म्हणजे ही सगळी एकमेकांच्या मावस-चुलतातलीच.

एवढं सगळं झालं तरी ऐकणं कच्चंच होतं. ते का कच्चं राहतं, हे मला उशिरा कळलं. फ्रेंच लिहितात एक आणि बोलतात दुसरं. शेवटची अक्षरं गिळतात आणि पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की गिळलेलं अक्षर परत काढून त्याला चिकटवतात. ले आणि आमी मिळून लेज़ामी. संस्कृतातला संधीच तो, फक्त तोंडी. वाचताना शब्द सुटे दिसतात, कानाला सगळी एक लांब माळ येते. मी व्याकरण घोकत होतो आणि माझी गाडी कानात अडलेली होती.

पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्यात दिली. कॅनडासाठी टेफ आणि टीसीएफ अशा दोन चालतात, मी टीसीएफ घेतली. म्हापशाहून रात्रीची स्लीपर बस पकडली. घाटात झोप लागली नाही. ऐकण्याचे ३९ प्रश्न, ३५ मिनिटं, प्रत्येक ध्वनिफीत एकदाच, आणि प्रश्न चढत्या क्रमाने कठीण. बावीस-तेविसाव्या प्रश्नाला मी मागच्याचा विचार करत बसलो आणि पुढचा निघून गेला. तिथून पुढे पाच-सहा प्रश्न मी गाडीमागे धावल्यासारखा धावत होतो.

निकाल: वाचन ४७८, लेखन १०, बोलणं ११. तिन्ही सातच्या पातळीत. ऐकणं ४४१. हवे होते ४५८. सतरा गुणांनी ६२ चे १० झाले. बाबांनी विचारलं, "सुट्या पैशांसाठी गाडी चुकली?" जवळजवळ तसंच.

पुढचे तीन महिने मी व्याकरणाचं पुस्तक उघडलं नाही. कंपनीची बस म्हापशाहून निघते, पर्वरी, अटल सेतू, पुढे जुवारीचा नवा पूल आणि वेर्णा. आरएफआय या फ्रेंच रेडिओवर सोप्या फ्रेंचमधल्या दहा मिनिटांच्या बातम्या रोज लागतात. जाताना त्या नुसत्या ऐकायच्या, जेवणाच्या सुट्टीत लिहिलेला मजकूर समोर ठेवून ऐकायच्या, येताना पुन्हा नुसत्या. नवं काही नाही, तेच तीनदा. पहिल्या आठवड्यात पर्वरीचा उतार संपेपर्यंत मला फक्त देशांची नावं कळायची. डिसेंबरात एकदा जुवारीच्या पुलावर लक्षात आलं की बातमी मी मनात भाषांतर न करता ऐकतोय. लक्षात आलं आणि पुढचं वाक्य हुकलं. आणि दुसरी सवय लावून घेतली: हुकलं ते सोडायचं. एका पर्यायावर टिक करून पुढे.

बोलण्याबद्दल थोडं, कारण लोक सगळ्यात जास्त त्यालाच घाबरतात. १२ मिनिटांत तीन भाग. आधी दोन मिनिटं स्वतःबद्दल. मग एक प्रसंग देतात, दोन मिनिटं तयारीला, आणि परीक्षकाला तुम्हीच प्रश्न विचारायचे: समजा तो तुमचा नवा शेजारी आहे, त्याच्याकडून बाजाराची, बसची माहिती काढा. तिसऱ्यात एखाद्या विषयावर मत, तयारीशिवाय. टीचरनी आम्हा मराठी माणसांची एक खोड धरली होती. "वू नेमे पा ला विल?" तुम्हाला शहर आवडत नाही? आपण म्हणतो, "हो, नाही आवडत." फ्रेंचमध्ये तिथे 'नों' हवं. आणि आवडत असेल तर 'वी' चालत नाही, त्याला एक खास शब्द आहे: सी. टीचर म्हणाल्या, "आवडतं की! त्यातला तो 'की' म्हणजे सी." याहून चांगली फोड मी अजून कुठे ऐकली नाही.

लेखनात माझी तक्रार उलटी होती. शाळेतल्या निबंधाची सवय म्हणून मी प्रत्येक उत्तराला प्रस्तावना लावायचो. टीचर लाल पेनाने पहिली दोन वाक्यं उडवायच्या. "मुद्दा तिसऱ्या वाक्यात आहे, तिथून सुरू कर." तिसरा प्रश्न १२० ते १८० शब्दांचा असतो, त्यात दोन विरुद्ध मतं सांगून आपलं मांडायचं. शोभेला जागाच नाही.

जानेवारी २०२५ च्या शेवटी पुन्हा पुणे. दोन्ही खेपांचा खर्च मिळून पन्नास हजारांच्या वर गेला. फेब्रुवारीत दोन फ्रेंच फेऱ्या डोळ्यांदेखत निघून गेल्या, निकाल हातात नव्हता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो आला: ऐकणं ४७२. बाकीचे तिन्ही पुरेसे, बोलणं मात्र ११ वरून १० वर घसरलेलं. तेवढंच लागतं. मी प्रोफाइल बदललं, ४६४ झाले.

२१ मार्चला शुक्रवार होता. रात्री फोन वाजला तेव्हा मी बाजारातून आणलेली सुकी सुंगटां डब्यात भरत होतो. ७५०० जणांची फ्रेंच फेरी, कट-ऑफ ३७९. हात धुवून मेल परत वाचला.

बोलावणं आलं की अर्ज पाठवायला साठ दिवस मिळतात. ती साठ दिवसांची धावपळ थोडक्यात सांगतो, एक गोष्ट सोडून. माझा आयेल्ट्सचा निकाल मे २०२३ चा. भाषेचे निकाल दोनच वर्षं चालतात, आणि अर्ज पाठवण्याच्या दिवशीही ते जिवंत असावे लागतात. म्हणजे कागदोपत्री साठ दिवस, माझ्यासाठी जेमतेम पंचेचाळीस. फ्रेंचच्या नादात इंग्रजीची तारीख मी विसरलोच होतो. हे आधी बघा. पोलिस क्लिअरन्स झटपट झालं. बँकेत एकट्या माणसासाठी १४,६९० कॅनेडियन डॉलर दाखवायचे होते, त्यात बाबांच्या फंडातले आले. अडलं ते कंपनीच्या पत्रात. कॅनडाला पत्रात कामाचं स्वरूप, तास आणि पगार लागतो, आणि एचआरकडे 'टु हूम सो एव्हर' या चार ओळींपलीकडे काही नव्हतं. तीन आठवडे मी त्या खोलीच्या दारात उभा होतो. शेवटी मजकूर मीच टाइप करून नेला, तेव्हा सही मिळाली. आयेल्ट्सची मुदत संपायला चार दिवस असताना १,५२५ डॉलर भरून अर्ज गेला.

हे लिहितोय तेव्हा जून २०२५ आहे. मी वाट बघतोय. हॉटेलवाल्या मुलाने फ्रेंच मध्येच सोडलं, तो दुबईला गेला. नर्सचं बोलणं दोनदा सहावर अडकलं, तिची तिसरी खेप ऑगस्टात आहे. दर मंगळवारी रात्री तिची ड्यूटी संपली की मी फोन करतो आणि बारा मिनिटं परीक्षक होतो. काल लाइन खरखरत होती, डिचोलीला धो धो कोसळत होता, तिच्याकडे पत्र्यावर पडणारा आवाज इथपर्यंत येत होता. तयारीत नसलेला प्रश्न विचारावा म्हणून मी म्हटलं, "वू नेमे पा ला प्ल्वी?" तुम्हाला पाऊस आवडत नाही?

"सी!" ती म्हणाली, क्षणभरही न थांबता, आणि पुढे तीन मिनिटं पावसावरच बोलत राहिली.